जुन्या जीपचं पुढचं नकल मजबूत करणं : प्रकल्प नोंदी

गाडी जुनी डिझेल महिंद्रा जीप, फोर बाय फोर, पुढचा ॲक्सल बंद गोळ्याचा, म्हणजे शाफ्टचा सांधा पोकळ गोळ्यात बंद. नकल (इंग्रजीत knuckle) म्हणजे त्या गोळ्यावर वळणारा, चाक धरणारा भाग. आरसी बुकात एक मॉडेल आणि गाडीखाली दुसऱ्याच मॉडेलचा ॲक्सल आहे, म्हणून मॉडेल लिहून कुणाची दिशाभूल करत नाही. ठिकाण बीड. आधीच्या मालकाने बेल क्रँक (स्टिअरिंगची मधली तरफ) काढून पॉवर स्टिअरिंग बसवलं, ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून येणारी दांडी) थेट उजव्या नकलच्या आर्मला (नकल वळवणाऱ्या हाताला) जोडली आणि टायर मोठे टाकले. पूर्वी चाक दगडात अडकलं की हाताला कळायचं आणि माणूस थांबायचा. आता पंप थांबत नाही, ढकलतच राहतो. तो सगळा जोर आर्मच्या चार बोल्टवर येतो.

९ फेब्रुवारी २०२५

पन्नासच्या आसपास खड्डा लागला की पुढची चाकं थरथर कापतात. ब्रेक मारून गाडी जवळपास उभी केल्याशिवाय थांबत नाहीत. यावर आतापर्यंत बॅलन्सिंग झालं, नवा स्टिअरिंग डँपर, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, झाला (₹२,८००), टाय रॉडचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड, म्हणजे टोकाचे सांधे, बदलून झाले. डँपरने थरथर पन्नासऐवजी साठला यायला लागली, एवढाच फरक.

आज ॲक्सल जॅकवर घेतला. चाक वरून आणि खालून धरून हलवलं तर चांगलाच खेळ (ढिलाई) लागला. आता हा खेळ व्हील बेअरिंगचा की किंगपिनचा (नकल ज्या खुंटीवर वळतं तिचा), हे ओळखायची सोपी रीत आहे: एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने पुन्हा चाक हलवायचं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. राहिला तर किंगपिन. आमचा राहिला. भाच्याने टॉर्च मारून पाहिलं, तर नकल गोळ्यावर खालीवर होत होतंच, शिवाय वरचा आर्म नकलवर सरकत होता. अगदी केसभर, पण सरकत होता.

११ फेब्रुवारी

उजवी बाजू खोलली. चाक, हबचा फ्लँज, चेकनट, पत्रा-वॉशर, हब, ब्रेक प्लेट, स्पिंडल, मग शाफ्ट बाहेर. यात नवीन काही नाही, फक्त ब्रेकचा होज लोंबकळत सोडू नका, तारेने वर बांधा.

आर्मच्या चार बोल्टांपैकी दोन मूळचे इंची, एक दहा एमएमचा, आणि चौथ्याचं फक्त डोकं हातात आलं, बाकीचा आत.

माझा बेत गोळ्याभोवती आणि आर्मखाली दहा एमएमच्या पट्ट्या वेल्ड करायचा होता. पाहिलेल्या बहुतेक गाड्यांवर लोकांनी तेच केलंय. बार्शी नाक्याजवळच्या लेथवाल्या चाचांना पट्ट्यांचं माप दिलं, तर ते म्हणाले, "जाडी कामून वाढवायलाव? मोडलं काय ते तर बघा आधी." नकल मोडलेलं नाही, आर्मही मोडलेला नाही. सैल झालाय तो दोघांमधला सांधा. पट्टी मारून सांधा घट्ट होत नाही. बेत तिथेच रद्द.

१६ फेब्रुवारी

आख्खा दिवस तुटलेल्या बोल्टात गेला. आधी भेदक तेल टाकून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी तुटलेल्या टोकावर नट ठेवून आतून वेल्ड केलं आणि थंड होऊ दिलं. गरम असताना पाना लावायचा नाही, मऊ असतं, पिळवटून तुटतं. थंड झाल्यावर थोडं पुढे, थोडं मागे करत गेलो. अर्धा फेरा फिरला आणि नटच उखडून आला. दुसरा नट वेल्ड केला, तोही तसाच. शेवटी मध्यभागी पंच मारून ड्रिलनेच काढला.

दहा एमएमचा बोल्ट तिथे कसा गेला, हे आटे तपासल्यावर कळलं. मूळ बोल्ट ३/८ इंची, इंचाला २४ आटे. त्या भोकाचा आतला व्यास साडेआठ एमएमच्या जवळ. दहा एमएमच्या जाड आट्यांच्या टॅपलाही (आटे पाडायच्या हत्यारालाही) साडेआठचंच भोक लागतं. त्यामुळे कुणी तिथे दहाचा टॅप मारला तर तो लोण्यात सुरी जावी तसा जातो आणि मारणाऱ्याला वाटतं काम फत्ते. प्रत्यक्षात जुने आटे आडवे कापले जातात आणि नव्यांना पूर्ण धातू मिळत नाही. बोल्ट बसतो, पण ताण घेत नाही. जुन्या जीपवर काम करताना साठ-सत्तर रुपयांचा आटे मोजायचा गेज खिशात ठेवा. इंची आणि एमएमची सरमिसळ या गाड्यांत जागोजाग सापडेल.

२३ फेब्रुवारी

सगळं डिझेलने धुतलं. काळ्या मातीचा आणि ग्रीसचा एकत्र लगदा वाळला की तो सिमेंटसारखा होतो, तारेच्या ब्रशलाही दाद देत नाही. मग भेगा तपासल्या. तीन स्प्रेंचा संच मिळतो: क्लीनर, लाल डाय, पांढरा डेव्हलपर (₹१,४००). डाय मारून पंधरा मिनिटं ठेवली, पुसली, पांढरा थर मारला. नकल स्वच्छ निघालं. आर्मवर मात्र वळणाच्या आतल्या बाजूला दोन सेंटीमीटरची लाल रेघ उमटली.

ती जागा निळसर काळी आहे. ड्रॅग लिंक स्प्रिंगला घासू नये म्हणून कुणीतरी गॅसवर तापवून आर्म वाकवलेला. घडीव पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी तिथे उतरलं आणि भेग तिथेच गेली. स्प्रेचा खर्च नको असेल तर भाग डिझेलमध्ये बुडवून काढा, कोरडा पुसा, खडूची पूड चोळा. भेगेतलं डिझेल पूड ओली करतं. मोठी भेग दिसते, केसासारखी सुटू शकते.

नकलच्या बिनकामाच्या कोपऱ्यावर ग्राइंडर टेकवून ठिणगी पाहिली. आखूड, लालसर, म्हणजे ओतीव. आता तर वेल्डिंगचा प्रश्नच मिटला. ओतीव भाग नीट तापवून, योग्य रॉडने, राखेत हळूहळू थंड करून वेल्ड करता येतो, हे मान्य. पण ज्यावर चाक उभं आहे त्या भागावर मी तो प्रयोग करणार नाही.

किंगपिन मायक्रोमीटरने मोजली. बेअरिंग बसते तिथे सहा थौ (थौ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ०.१५ एमएम झिजलेली. बेअरिंगची आतली कडी पिनवर गरगर फिरत होती. खालच्या बेअरिंगच्या वाटीवर (बाहेरच्या कडीवर) रोलरच्या खुणा एका ओळीत उमटल्यात, बोटाने चाचपल्या तरी लागतात. गाडी सरळ चालताना रोलर तिथेच आपटत राहतात, म्हणून मधल्या जागेत स्टिअरिंग अडल्यासारखं लागायचं.

५ मार्च

ठरलं: आर्म नवीन करायचा. भंगारात जुने मिळतात, पण ते कुणी, कुठे, कितीदा तापवलेत कोण सांगणार? वाळूजला जाऊन ईएन १९ ग्रेडच्या पोलादाचा ठोकळा कापून आणला (₹३,२००). ईएन २४ पण होतं. ते आणखी चिवट, पण महाग आणि या जाडीला गरज नाही. ईएन ८ स्वस्त, शाफ्टला ठीक, इथे नको. दुकानदाराकडून ठोकळ्यावर ग्रेडचा शिक्का मारून घ्या. रंगाच्या पट्टीवर विसंबू नका, कापताना रंगाचं टोक दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे जातं.

रमजान सुरू झालाय. चाचा दुपारी चारनंतर काम घेत नाहीत. त्यात कारखान्यांचा हंगाम संपत आलाय, ऊस वाहून थकलेले ट्रॅक्टर वर्कशॉपच्या दारात रांगेने उभे. माझा नंबर त्यांच्या मागे.

१५ मार्च

आर्मचा आकार व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) कापून आला (₹४,५००). वाकवायची गरज पडू नये म्हणून स्प्रिंगसाठीची जागा कापतानाच दिली. किंगपिन वेगळी, ईएन २४ ची, आर्ममध्ये ०.०३ एमएमने घट्ट दाबून बसवायची.

टेपरवर (निमुळत्या भोकाच्या उतारावर) घोळ झाला. जुन्या आर्मचं भोक एक इंचाला आठवा भाग, म्हणजे १:८ उताराचं. तेच माप दिलं. पण ड्रॅग लिंक पॉवर स्टिअरिंगसोबत दुसऱ्या गाडीची आलेली, तिचा एंड वेगळ्या उताराचा. चाचांनी एंडच्या पिनेवर निळा रंग बोटाने पातळ फासला, भोकात घालून पाव फेरा फिरवला आणि बाहेर काढून उजेडात धरली. वरच्या टोकाला कड्यासारखी एक पट्टी पुसली गेलेली, खाली निळं तसंच. म्हणजे पिन फक्त वरच्या कडेवर बसत होती. नट कितीही आवळा, आत ती डुलणार आणि एक दिवस मानेतून तुटणार. जुन्या आर्ममध्ये ती अशीच डुलत होती, भोक अंडाकृती झालंय.

भोक मोठं करून त्यात बुश (आतली नळी) बसवला आणि बुशला एंडच्या उताराचा रीमर (भोक मापाला आणणारं हत्यार) मारला. पुन्हा निळं लावलं. आता जवळपास पूर्ण लांबीला पुसलं जातं. चाचांनी रीमरचे पैसे घेतले नाहीत, मी चहापोहे चारतो म्हटलं तर रोजा आहे म्हणाले. ईदचा शीरखुर्मा माझ्याकडे उधार राहिला, की त्यांच्याकडे, यावर वाद आहे.

२९ मार्च

आर्म हार्डनिंग-टेंपरिंग होऊन आला, २८ ते ३२ एचआरसी (कडकपणाचं माप) सांगितलं होतं, मिळालं ३०. भट्टीवाल्यांचा किमान दर ठरलेला असतो, एक तुकडा द्या नाहीतर दहा (₹९००). म्हणून दोन-तीन जणांनी मिळून द्यावं हे बरं. बसायचा पृष्ठभाग ०.३५ एमएमने वाकडा झाला होता. हे होणारच. कापतानाच अर्धा एमएम जास्त ठेवला होता, म्हणून ग्राइंडिंगवर सरळ झाला (₹८००). पिनही पाणी दिल्यावरच मापाला ग्राइंड केली.

३० मार्च

पाडवा. उद्या ईद. काम बंद.

१२ एप्रिल

नकलच्या चारही भोकांना नवे आटे. पर्याय दोन होते: हेलिकॉइल (भोकात बसवायची तारेच्या आट्यांची गुंडाळी), किंवा एक माप वर जाऊन ७/१६ इंची, वीस आट्यांचं. ७/१६ घेतलं. त्याला ९.९ चं भोक लागतं, म्हणजे दहाच्या टॅपने नासवलेला धातू जवळजवळ सगळा निघून जातो आणि आटे ताज्या धातूत पडतात. आधी कडेची भिंत मोजली, नंतर ड्रिल. हातात धरून ड्रिल करू नका, नकल टेबलवर बांधून, पृष्ठभागाला काटकोन लावून करा. दुपारी सिंगल फेज आली आणि मोठं मशीन बंद पडलं, एका भोकात टॅप अर्धा तसाच राहिला. रात्री साडेनऊला लाइट आल्यावर काढला.

ओतीव धातूत आट्यांची पकड बोल्टच्या जाडीच्या दीडपट तरी हवी. इथे ती १७ एमएम होते, भोकं तेवढी खोल आहेत. बोल्ट ग्रेड ८, डोक्यावर सहा रेघा असतात. बीडमध्ये मिळाले नाहीत. मोंढ्यातल्या एका दुकानात "तेच आहेत" म्हणून दिले, डोक्यावर तीन रेघा. त्या ग्रेड ५ च्या. परत केले. संभाजीनगरहून आणले (₹७० ला एक, आठ घेतले). स्प्रिंग वॉशर फेकून दिले. इतक्या ताणाच्या बोल्टखाली ते चपटे होऊन पडून राहतात, उपयोग शून्य. कडक सपाट वॉशर आणि निळा थ्रेडलॉकर.

२० एप्रिल

शिम (ठरावीक जाडीच्या पातळ चकत्या) आणि बेअरिंगचा ताण. सगळ्या कामात वेळ इथे द्या.

या ॲक्सलवर आर्मच्या खाली आणि खालच्या टोपीच्या वर शिम असतात. ३, ५, १० आणि ३० थौचे. शिम कमी केले की बेअरिंग आवळतं, वाढवले की सैल. आमच्या आर्मखाली पातळ शिमची चांगलीच थप्पी निघाली, त्यातले दोन कुणीतरी थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून केलेले. पातळ थरांची थप्पी आणि मधला मऊ पत्रा, हे बोल्टच्या ताणाखाली हळूहळू दबतं. जेवढं दबतं तेवढा बोल्ट सैल. बोल्ट तुटायच्या आधीचं दुखणं हेच होतं, असं माझं मत झालंय.

थप्पी मोजली, त्याऐवजी एकच जाड प्लेट ग्राइंड करून घेतली आणि वर बारीक फरकासाठी एक पातळ शिम. वरखाली सारख्याच जाडीचे ठेवायचे, म्हणजे शाफ्टचा सांधा गोळ्याच्या मधोमध राहतो.

चारही बेअरिंग नवी (₹३,६००, डाव्या बाजूचीही). वाट्या बसवताना जुन्या वाटीची कड घासून ती ठोकायला वापरली. तेलाची सील न लावता नकल चढवलं, आर्मच्या टोकाच्या भोकात सामान तोलायचा हुकाचा काटा अडकवला आणि काटकोनात ओढलं. जीपच्या जुन्या मॅन्युअलमधली मर्यादा १२ ते १६ पौंड, म्हणजे साडेपाच ते सव्वासात किलो. पहिल्यांदा तीनवर हललं. एक पातळ शिम काढला तर नऊवर गेलं. त्या काढलेल्या पाच थौच्या जागी तीनचा टाकला, सहावर आलं. तिथे थांबलो. सील लावून मोजलं तर सीलचं घर्षण मोजलं जातं आणि बेअरिंग सैलच राहतं, बरेच जण इथे फसतात.

ताण जमल्यावर डॉवेल, म्हणजे दोन भाग सरकू न देणाऱ्या पिना. आर्म आणि नकल एकत्र आवळलेले असतानाच दोन ठिकाणी ७.८ चं ड्रिल आणि ८ चा रीमर. आता आर्म सरकायला गेला तर आधी डॉवेलला कापावं लागेल, बोल्टचं काम फक्त दाबून धरणं. डॉवेल आतून आटे असलेल्या घ्या, आठच्या डॉवेलला पाच एमएमचा बोल्ट लागतो. उद्या आर्म काढायचा झाला तर तो बोल्ट घालून ओढता येतात. नाहीतर ठोकत बसाल. शिमलाही तीच भोकं पाडावी लागली. दोन लाकडी फळ्यांत दाबून पाडली, नाहीतर कड उचलते. हे झाल्यावर सगळं पुन्हा खोलून धुतलं, लोखंडाचा चुरा बेअरिंगमध्ये राहायला नको.

४ मे

जुळणी. गोळ्यावर गंजाचे खड्डे होते. एमरीने घासून, एपॉक्सी भरून, पुन्हा घासून गुळगुळीत केले. नाहीतर नवं सील पहिल्याच चिखलात जातं. आर्मचे बोल्ट थ्रेडलॉकर लावून ७५ न्यूटन-मीटरला, तिरकस क्रमाने, दोन टप्प्यांत. प्रत्येक डोक्यापासून आर्मपर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली.

कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव) १ अंश निघाला, हवा ३. स्प्रिंग आणि ॲक्सलच्या मध्ये २ अंशाची पाचर टाकली. जाड बाजू पुढे की मागे हे पाठ करू नका, किंगपिनचं डोकं मागे झुकलं पाहिजे एवढं लक्षात ठेवा. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) टायरवर खडूची रेघ मारून टेपने लावला, दोन एमएम.

११ मे

मांजरसुंब्यापर्यंत घाट चढून-उतरून आलो. ऐंशीपर्यंत थरथर नाही. डँपर मुद्दाम काढून ठेवला होता, तरी नाही. स्टिअरिंग वळण घेतल्यावर आपोआप सरळ येतं, ते या गाडीत मी पहिल्यांदाच अनुभवलं.

घरी येऊन रेघा पाहिल्या. वरच्या सगळ्या जुळलेल्या. खालच्या टोपीच्या दोन बोल्टांना पाना लावला तर पाव फेरा सहज फिरले. टोपी काढली. भाच्याने हौसेने सगळ्या भागांना काळा रंग मारताना टोपीच्या बसायच्या पृष्ठभागावरही मारला होता. बोल्ट आवळले तेव्हा ताण रंगावर आला. गाडी चालून तापली, रंग चेपला आणि ताण गेला. रंग थिनरने पुसून काढला, पुन्हा आवळलं. दोन भाग जिथे एकमेकांवर दाबून बसतात तिथे रंग, ग्रीस, सीलंट काही नको.

२८ मे

यंदा मे संपायच्या आतच पाऊस. पालीच्या तलावाकडच्या शिवारात काळ्या रानातून गाडी घातली. अशा चिखलात चाक वळवताना टायरच्या दोन्ही बाजूंनी माती दाबून धरते आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप ओरडतो. पूर्वी इथेच आर्मखालून कट्ट असा आवाज यायचा. आज पंप ओरडला, आवाज आला नाही. मित्राच्या गाडीला पट्टीने ओढून काढताना उजवं चाक बांधाच्या दगडावर जोरात आपटलं. टाय रॉड थोडा वाकला, आर्म जागेवर.

टाय रॉड वाकला हे मला चालतं. तो रस्त्यात सरळ करता येतो. म्हणून टाय रॉडला जाड नळी चढवायचा मित्राचा सल्ला मी घेणार नाही.

उजव्या सीलमधून मात्र ग्रीस मिसळलेलं गिअर तेल झिरपायला लागलंय. बाजारचं रबर उघडल्यापासूनच कडक होतं (जोडी ₹१,४००). दुसऱ्या कंपनीचं मागवलंय.

१४ जून

सील बदलायला खोललं, म्हणून आर्मही काढून पुन्हा डाय मारली. भेग नाही. डॉवेलच्या भोकांत घासल्याची चमक नाही, म्हणजे सांधा हललेला नाही. काट्यावर ताण साडेपाच किलो, बेअरिंग बसल्यावर एवढं उतरतं.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: वर जागोजाग लिहिलाय तो, शिवाय टॅप, ड्रिल आणि रीमर ₹२,६००, चाचांची मजुरी ₹४,०००. सगळं मिळून तेवीस हजारांच्या आसपास. डँपर आणि बॅलन्सिंगचे पैसे यात धरलेले नाहीत. मला सर्वांत महाग पडला तो वेळ, आणि त्यातला बराचसा चाचांच्या दारात ट्रॅक्टरमागे थांबण्यात गेला. हे काम सप्टेंबरात, ऊसतोडीच्या गाड्या तयारीला यायच्या आधी काढा.

गाडी रस्त्यावर नेणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं) वाचून घ्या. आर्म बदलणं वेगळं आणि अख्खं स्टिअरिंग बदलणं वेगळं, आणि माझ्या गाडीतलं दुसरं काम आधीच्या मालकाचं असलं तरी आता नाव माझं आहे.

डाव्या बाजूला ड्रॅग लिंक नाही, तिथे मूळ आर्म ठेवून फक्त बोल्ट, शिम आणि बेअरिंग केलंय. आर्मची मापं मागणाऱ्यांना देईन, पण टेपरचं माप माझं घेऊ नका. आपल्या ड्रॅग लिंकचा एंड काढा, निळा रंग लावा आणि त्यावरून ठरवा.